पूजेसाठी कोरी बंदूक

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात कुणी नवीन भेटलं आणि "काकू, तुम्ही काय करता?" असं विचारलं, की मी मुद्दाम आधी पाण्याचा घोट घेते, पदर असला तर सारखा करते आणि मग सांगते, "बंदुका विकते." समोरचा माणूस हसतो. मी हसत नाही. मग तो हळूच माझ्या नवऱ्याकडे बघतो. माझा नवरा आयटीत आहे, तो अशा वेळी समोशाकडे बघतो. हा प्रयोग मी गेली नऊ वर्षं करते आहे आणि एकदाही पडलेला नाही.

लंडनजवळच्या वॉटफर्डपासून गाडीनं वीस मिनिटांवर एक खेडं आहे. एक चर्च, एक पब, एक केस कापणारी आणि आमचं दुकान. तिथे मी आधी बूट, टोप्या आणि हिरवी जाकिटं विकायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मालक रॉजरनं पाहिलं की टोपी घ्यायला आलेला माणूस माझ्याकडून टोपी, जाकीट आणि बायकोसाठी मफलर घेऊन गेला. तो म्हणाला, "मीना, उद्यापासून तू पलीकडच्या काउंटरला." पलीकडच्या काउंटरला बंदुका.

आता वाचकांनी घाबरू नये. आमची गिऱ्हाईकं रविवारी सकाळी एका शेतात जमतात. तिथे यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत उडतात, त्या उडत्या तबकड्या फोडायच्या. पंचवीसपैकी किती फोडल्या ते सांगायचं, किती चुकल्या त्याचं कारण सांगायचं, बेकन रोल खायचा आणि घरी जायचं. पक्षी नाही, प्राणी नाही, रक्त नाही. जे काही मरतं ते घरी गेल्यावर, बायकोच्या प्रश्नांपुढे.

आणि हेच आमच्या धंद्याचं मर्म आहे. या देशात बंदूक बाळगायला पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी अर्ज, ओळखीच्या माणसाची हमी, डॉक्टरचा दाखला, आणि मग एक अधिकारी घरी येऊन भिंतीला बोल्टनं ठोकलेलं लोखंडी कपाट तपासून जातो. पण एकदा ते सर्टिफिकेट मिळालं, की छर्ऱ्यांच्या बंदुका किती घ्यायच्या याला तसा आकडा नाही. कपाटात मावल्या पाहिजेत आणि प्रत्येक खरेदी पोलिसांना कळवली पाहिजे, बस. म्हणजे पोलिसांना कारण एकदाच सांगायचं. घरी मात्र दरवेळी.

त्या दरवेळच्या कारणांवर मी नऊ वर्षं जगले आहे.

आमच्याकडे येणारा पुरुष बंदूक बघायला येत नाही, कारण शोधायला येतो. बंदूक त्यानं आधीच मनात घेतलेली असते. तो ती उचलतो, खांद्याला लावतो, भिंतीवरच्या हरणाच्या चित्रावर नेम धरतो आणि मग माझ्याकडे असं बघतो, जसा नापास मुलगा शिकवणीच्या बाईंकडे बघतो. मी हे बघणं ओळखते. मी ज्या घरातून आले तिथे माझी आई साडीच्या दुकानात बसून म्हणायची, "मोरपंखी आहे माझ्याकडे, पण ती अंधारातली मोरपंखी, ही उजेडातली." आमच्या टेरी प्लंबरला हेच वाक्य मी बंदुकीच्या भाषेत शिकवलं. त्याच्याकडे एक बंदूक होती. मी म्हटलं, "टेरी, ती लांबून जाणाऱ्या तबकडीची. ही जवळून येणाऱ्या तबकडीची." तो डोळे मिटून ते वाक्य दोनदा पुटपुटला, आणि बंदूक घेऊन गेला.

एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांचा उजवा डोळा नेमाचा. एके दिवशी ते जाहीर करत आले की आता त्यांचा डावा डोळा राज्य करतो आहे, तेव्हा डाव्या खांद्याची बंदूक पाहिजे. असं खरंच होतं, मी त्यांना कागदाच्या भोकातून बघायला लावून तपासलं सुद्धा. घेतली. आठ महिन्यांनी परत आले. "मीना, उजवा डोळा परत आला." जणू मुलगा परदेशातून आला. मी म्हटलं, "मग सर, जुनी उजवी आहेच की." ते गंभीर झाले. "ती," ते म्हणाले, "आधीच्या उजव्या डोळ्याची होती."

काडतुसांचं तर वेगळंच शास्त्र. पंचवीसची एक पेटी, दहा पेट्यांचं एक खोकं. तबकडी फुटली तर माणसानं फोडली, चुकली तर काडतुसानं चुकवली. ज्या काडतुसानं कुणी एकदा पंचवीसपैकी चोवीस फोडल्या, ते काडतूस संपायच्या आत घेऊन ठेवायला लागतं. शिवाय भाव वाढणार असतो. शिवाय सरकारी बंदीनं शिशाचे छर्रे जाणार आणि स्टीलचे येणार असतात. शिसं जाणार म्हणून शिशाची खोकी भरतात, स्टील येणार म्हणून स्टीलची भरतात, आणि जुन्या बंदुकीला स्टील सोसणार नाही म्हणून नवी बंदूक घेतात. सरकारनं इतकं सुंदर कारण आयतं दिल्यापासून माझं काम निम्म्यावर आलं. एक गृहस्थ खोकी गाडीच्या डिकीतच ठेवायचे, घरात न्यायचं धाडस नाही. त्यांच्या बायकोनं शेवटी विचारलं की आपली गाडी सारखी चढावर लागल्यासारखी का दिसते.

आणि जेफ. जेफबद्दल लिहिताना अजून कान गरम होतात. त्यानं एक देखणी इटालियन बंदूक घेतली आणि काउंटरवर डोकं टेकलं. "मीना, घरी फोन कर. सांग की मी लॉटरीत जिंकलो." आणि मी केला. नुसता केला नाही, गाजवला. "अभिनंदन, मिसेस जेफ! आमच्या उन्हाळी सोडतीत..." मागे रॉजर टाळ्या वाजवत होता. पुढच्या शनिवारी ती बाई लिंबाचा केक घेऊन दुकानात आली. गोरी, गुबगुबीत, इतकी आनंदी. म्हणाली, "जेफ आयुष्यात कधी काही जिंकला नव्हता हो. आठवडाभर गाणी म्हणतोय." मग तिनं पर्स उघडली. "मला पण एक तिकीट द्या ना पुढच्या सोडतीचं."

मी तिला सांगितलं, की पुढच्या सोडतीचं अजून ठरलं नाही. केक आम्ही सगळ्यांनी खाल्ला. चांगला होता. आणि त्यानंतरही मी अशी नाटकं करत राहिले, हे इथे लिहून ठेवते.

आता डॉक्टर निकम.

डॉ. शशिकांत निकम वॉटफर्डला राहतात. आयुष्यभर हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं. आता निवृत्त, वय बहात्तर. उंच, किडकिडीत, आवाज असा की जाग्या माणसाला झोप यावी. निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांनी बागेतलं गवत कापलं, मग एका शेजाऱ्याबरोबर सहज शेतावर गेले, पहिल्याच दिवशी पंचवीसपैकी अकरा तबकड्या फोडल्या आणि परत आले ते वेगळाच माणूस होऊन. तिथे सगळे त्यांना "डॉक" म्हणायचे. हॉस्पिटल सुटल्यापासून त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. रविवारी सकाळी तो माणूस इस्त्री करून जायचा.

त्यांच्या पत्नी नलिनीताई. आमच्या मंडळाचं अर्धं स्वयंपाकघर त्यांच्यावर चालतं. बुटक्या, चपळ, आणि घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे डोळे मिटून सांगणाऱ्या. डॉक्टरांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. "नलू, चष्मा?" "टीव्हीच्या मागे." "नलू, पासपोर्ट?" "निळ्या फायलीत." असा त्यांचा संसार.

पहिली बंदूक घेताना डॉक्टरांनी घरी सांगितलं, की ब्लडप्रेशरसाठी डॉक्टरनं नेमबाजी करायला सांगितलं आहे. नलिनीताईंनी विचारलं, "कुठल्या डॉक्टरनं?" ते म्हणाले, "मी."

दुसरीला खांदा दुखतो हे कारण होतं. वजनाला हलकी हवी. हे मी सुचवलं होतं.

तिसरी मात्र त्यांची स्वतःची कलाकृती. सप्टेंबरमध्ये दुकानात आले आणि एका सेकंडहँड, तुर्की बनावटीच्या, अक्रोडाच्या दस्त्याच्या बंदुकीभोवती घिरट्या घालायला लागले. माझ्याकडची सगळी कारणं मी मांडली. त्यांनी एकेक नाकारलं. "ती नलू ओळखेल." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मीना, खंडेनवमी कधी आहे?"

संध्याकाळी नलिनीताईंचा मला फोन. "अगं, हे म्हणतात खंडेनवमीला घरात शस्त्रपूजा करायची, म्हणून बंदूक घेतली. मी म्हटलं, दोन आहेत की घरात. तर म्हणतात, त्या वापरलेल्या. पूजेला कोरी लागते."

मी फोन तोंडापासून लांब धरला आणि रडेपर्यंत हसले. मग गळा साफ करून सांगितलं, "हो, ताई. कोरीच लागते."

आता एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. या देशात बंदुकीच्या कपाटाची किल्ली फक्त सर्टिफिकेटवाल्याकडे असावी लागते. ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या दुसऱ्या कुणालाही माहीत असता कामा नये. मुलाला नाही, सासूला नाही, पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोलासुद्धा नाही. किल्ली कुठे आहे हे माहीत असणं म्हणजे बंदूक हातात असणं, असं कायदा मानतो. माझ्या इंग्रज गिऱ्हाइकांना हे लगेच समजतं. तिथे बायको नवऱ्याच्या ड्रॉवरला हात लावत नाही. आपल्याकडे ज्या बाईला घरातली एखादी किल्ली कुठे आहे हे माहीत नाही, तिला आपण गृहिणी म्हणतच नाही.

खंडेनवमी त्या वर्षी कामाच्या वारी आली. मला सुट्टी होती आणि नलिनीताईंनी जेवायला बोलावलं होतं. गेले, तर जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, त्यावर तिन्ही बंदुका, रिकाम्या, मधल्या बिजागरीवर उघडून ठेवलेल्या, आणि बागेतल्या झेंडूच्या माळा. नलिनीताई हळदीकुंकू घेऊन पुढे, डॉक्टर मागे.

"नळीला नको, नलू! नळीला नको, गंजेल!"

"मग पूजा कशाची करू? पट्ट्याची?"

"लाकडाला लाव. लाकडाला."

"आणि ही तिसरी म्हणे कोरी. हिच्यावर तर ओरखडा आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी झेंडूकडे.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. पोलिसांच्या परवाना विभागातला कॉलिन. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटचं दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण आलं होतं आणि त्याची भेट पुढच्या आठवड्यात ठरली होती. पण आज तो याच बाजूला होता, अर्ध्या तासात आला तर चालेल का? डॉक्टर खुशीत म्हणाले, "ये ना! आज आमचा सण आहे."

कॉलिनला मी चांगली ओळखते. आमच्या दुकानाची तपासणीही तोच करतो. निवृत्त हवालदार, मोठे पाय, लहान डोळे, आवाज चढवत नाही. त्यानं दारात बूट काढले. टेबल बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डॉक," तो म्हणाला (इंग्रजीतच, मी मराठीत देते), "यांचं लग्न आहे का?"

डॉक्टरांनी शस्त्रपूजा समजावली. वर्षातून एकदा हत्यारांचे आभार मानायचे. सुतार करवतीचे मानतो, डॉक्टर स्टेथोस्कोपचे. कॉलिननं नीट ऐकलं, मग खिशातून यादी काढली आणि बंदुकांचे नंबर ताडून बघायला लागला. तिसऱ्या बंदुकीच्या नंबरावर हळद बसली होती, ती त्यानं अंगठ्यानं पुसली, अंगठ्याचा वास घेतला आणि तो रुमालाला पुसला. नलिनीताईंनी त्याला नारळाची वडी दिली. त्यानं आणखी एक मागितली. सगळं इतकं गोड चाललं होतं की मी मनातल्या मनात हा किस्सा मंडळात कसा सांगायचा हे बसवायलाही लागले होते.

"छान," कॉलिन म्हणाला. "आता कपाटात ठेवू या. मला कुलूप बघायचं आहे."

डॉक्टर किल्ली आणायला वर गेले. आम्ही दोघं टेबलाशी. नलिनीताई स्वयंपाकघरात वडे तळत होत्या. वर एक ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग कपाटाचं दार. मग डॉक्टर खाली आले, कोटाचे खिसे चाचपले, पुन्हा वर गेले. काहीतरी पडलं. कॉलिन वडीकडे बघत होता, पण त्याचे कान वर होते.

आणि स्वयंपाकघरातून नलिनीताईंचा खणखणीत आवाज आला. "अहो! त्या बुटांच्या खोक्यात काय शोधताय? तिथे नाहीये! सकाळी चहाच्या कपाशी टाकून गेलात, मी उचलून देवघरात ठेवली. कापराच्या डबीत!"

जिन्यावर पावलं थांबली.

मग डॉक्टर हळूहळू खाली आले, कुणाकडे न बघता देवघराशी गेले आणि डबी उघडली.

कॉलिन माझ्याकडे वळला. अगदी साध्या आवाजात विचारलं, "मीना, मिसेस निकम काय म्हणाल्या?"

तेलाचा आवाज तेवढा येत होता. देवघरापाशी डॉक्टर किल्ली मुठीत धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. त्या बघण्याचा अर्थ लावायला मला शिकवणी नको होती. सोपं होतं. "चहा घेणार का विचारतात." चार शब्द. आवाज कसा लावायचा, कुठे हसायचं, सगळं मला येत होतं. याहून अवघड भूमिका मी टेलिफोनवर केल्या होत्या. घरात मराठी येणारी आम्ही तिघं, आणि तिघांनाही तेच हवं होतं.

आणि दुसऱ्या बाजूला काय होतं, तेही मला दिसत होतं. खरं सांगितलं तर सर्टिफिकेट जाऊ शकतं. बहात्तराव्या वर्षी एकदा गेलेलं पुन्हा मिळत नाही. रविवारची इस्त्री संपली. "डॉक" संपला. पुन्हा बागेतलं गवत.

पण मला आठवत होतं की हा नियम का आहे. एका काउंटरला नऊ वर्षं उभं राहिल्यावर नियमामागच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. त्या हसण्याच्या नसतात आणि या अंकात सांगण्याच्याही नाहीत.

मी म्हटलं, "किल्ली कुठे आहे ते सांगितलं. आज सकाळी त्यांनीच ती उचलून ठेवली. आणि नेहमीची जागाही त्यांना माहीत आहे."

नलिनीताई झारा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांना इंग्रजी उत्तम येतं. झाऱ्यातून तेल चादरीवर ठिबकत होतं आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

कॉलिननं ओरडाआरडा केला नाही. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, की निर्णय होईपर्यंत बंदुका या घरात राहू शकत नाहीत. आमच्या दुकानाच्या तिजोरीत ठेवता येतील. मी आहेच, तर मीच न्याव्यात. डॉक्टरांनी एकेक बंदूक पिशवीत घातली. माळा काढल्या, कुंकू तसंच राहिलं. गाडीपर्यंत स्वतः आले. तिसरी पिशवी माझ्या हातात देताना त्यांच्या त्या झोप आणणाऱ्या आवाजात म्हणाले, "मीना, तुला मराठी येत नाही असं सांगायचंस."

पुढचे सहा आठवडे फार वाईट गेले.

मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाला डॉक्टर माझ्या शेजारची खुर्ची सोडून तिसऱ्या रांगेत बसले. कुणीतरी फराळाच्या टेबलाशी म्हणालं, "मीनासमोर जपून बोला हं, ती भाषांतर करते." सगळे हसले, मीही हसले. बंदूक विकते म्हटल्यावर येतो तसा हा हशा नव्हता. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "मी चुकले का?" तो म्हणाला, "नाही." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पण आता आपल्याला कुणी काही सांगणार नाही."

दुकानात डॉक्टरांच्या बंदुका मागच्या खोलीत होत्या. त्यांच्यावरचं कुंकू मी पुसलं नाही. नळ्यांना तेवढं तेल दिलं.

आणि एक दिवस नलिनीताईंचा फोन आला. मला वाटलं आता ऐकायचं. तर त्या रडत होत्या, माझ्यावर नाही, स्वतःवर. "मी काय म्हणून ओरडले गं? वडे जळत होते, म्हणून घाईत बोलून गेले. मला ठाऊक होतं की ते कपाट आपलं नाही. पण घरात माणूस काहीतरी शोधतोय आणि मी गप्प बसायचं, हे जमतच नाही मला." मग नाक पुसून म्हणाल्या, "रविवारी सकाळी उठतात, शर्ट काढतात, पलंगावर ठेवतात आणि परत घडी करून कपाटात. जेवत नाहीत धड."

"ताई, त्यांना त्या तिसऱ्या बंदुकीचं..."

"अगं, मला सगळ्यांचं माहीत आहे. ती कोरी नव्हती. मी काय आंधळी आहे? खांदासुद्धा दुखत नव्हता." मग त्या म्हणाल्या, "कारण सांगायला यायचे ना, तेव्हा इतके खुशीत असायचे. मी मोडू कशाला?"

म्हणजे माझ्या सगळ्या पाठ करून घेतलेल्या ओळी, माझी मोरपंखी, माझं दिग्दर्शन. प्रेक्षकांना आधीपासून सगळं माहीत होतं आणि ते तिकीट काढून येत होते. या शोधानं मला बसलेला धक्का मोठा होता, हेही कबूल करते. जेफच्या बायकोला त्या वेळी काय माहीत होतं आणि काय नाही, याचा तर मी विचारच सोडून दिला.

नोव्हेंबरच्या शेवटी कॉलिन दुकानाच्या तपासणीला आला. दरवर्षीचंच. आमचं रजिस्टर उघडायचं, तिजोरीतली प्रत्येक बंदूक मोजायची, नंबर लावायचे. त्यानं दोन तास काम केलं, आणि डॉक्टरांच्या तीन बंदुकांपाशी आल्यावर कुंकवाकडे बघून म्हणाला, "हे अजून आहे."

मी म्हटलं, "कॉलिन, एक विचारू? त्यांचं काय ठरलं?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं. "किल्लीची भानगड मला तू सांगायच्या आधीच कळली होती. एक माणूस दहा मिनिटं सगळं घर उचकतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडते. माणूस सरळ चालत जातो आणि डबी उघडतो. यात मराठी कशाला यायला पाहिजे?"

"मग मला का विचारलंस?"

"डॉकची चूक दुरुस्त होण्यासारखी होती. किल्ली विसरतो, तर किल्ली नको. आकड्यांच्या कुलपाचं कपाट घेतलं त्यांनी, आकडा फक्त त्यांच्या डोक्यात. मी जाऊन बघून आलो. बायकोला बसवून मी एक तास बोललो, आणि शेवटी तीच मला नियम समजावून सांगत होती. नूतनीकरण झालं, आज पत्र निघालं." त्यानं आमच्या रजिस्टरवर हात ठेवला. "पण तू मला चहाबिहा सांगितलं असतंस, तर मला या पुस्तकातली एकही ओळ खरी मानता आली नसती. मग तुझं हे काउंटर, रॉजरचं दुकान, सगळंच. त्याला दुरुस्ती नाही."

मागे स्टीलच्या काडतुसांची खोकी होती. मी त्यांच्यावर बसले. नऊ वर्षांत मी त्या खोक्यांवर कधी बसले नव्हते, तशी परवानगी नाही. आधी मी हसत होते, मग नाक वाहायला लागलं. कॉलिननं खिशातून रुमाल काढून दिला. त्याला अजून किंचित हळदीचा डाग होता.

शनिवारी निकमांची गाडी दुकानासमोर थांबली. डॉक्टर आत आले. इस्त्रीचा शर्ट. सर्टिफिकेट काउंटरवर ठेवलं. मी तिन्ही पिशव्या आणल्या, रजिस्टरमध्ये सही घेतली. सगळं दोन परक्या माणसांसारखं. मग त्यांनी एक पिशवी उघडली, दस्त्यावरचं कुंकू बघितलं आणि अंगठा त्यावरून न पुसता फिरवला.

"तीस वर्षं मी लोकांना भूल दिली," ते म्हणाले. "प्रत्येकाला आधी विचारायचो, सकाळपासून काही खाल्लंत का? अर्धे लोक खोटं बोलायचे. एक बिस्किट, काय होतं. त्या एका बिस्किटानं मी टेबलावर माणसं काळीनिळी पडताना बघितली आहेत." ते पिशवीची चेन लावायला लागले. "आणि त्या दिवशी मला तुझ्याकडून एक बिस्किट हवं होतं. चूक माझी होती."

"डॉक्टर, असू द्या."

"असू कशाला देऊ? तिसऱ्या रांगेतून नाटक नीट ऐकू येत नाही. पुढच्या वेळी जागा धर."

ते पिशव्या गाडीत ठेवायला गेले आणि नलिनीताई आत आल्या. मी त्यांना मिठी मारणार, पण त्या आधीच काउंटरला टेकून हसायला लागल्या होत्या, जसं शाळेतली मुलगी तास बुडवून आल्यावर हसते.

"काल विचारत होते," त्या म्हणाल्या, "नलू, तो आकडा मी विसरलो तर?"

"मग?"

"म्हटलं, विसरा! मला काय त्याचं?" त्यांनी पर्स काउंटरवर टाकली आणि दोन्ही हात मोकळे केले. "मीना, सत्तेचाळीस वर्षं त्या घरातली सुई सुई माझ्या डोक्यात आहे. आता त्यातली एक गोष्ट मला माहीत नाही. आणि ती माहीत नसायला सरकारची सक्ती आहे." त्यांनी डोळे मिटले. "काय सुख आहे गं!"